थर्मल पेस्ट, धूळ आणि मराठवाड्याचा उन्हाळा: वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो: संगणक तापतोय. यंदा बहुतेकांनी थर्मल पेस्टबद्दल, म्हणजे प्रोसेसर आणि त्याला गार ठेवणारा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये लावायच्या लेपाबद्दल, विचारलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. सेलूच्या वाचकाला जास्त जागा दिली, कारण त्यांची अडचण आपल्या भागातल्या कित्येक दुकानांची आहे.

प्रश्न: सेलूला माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा अशी कामं असतात. २०२१ मध्ये घेतलेला आय-५ १०४०० प्रोसेसरचा डेस्कटॉप आहे. सकाळी नीट चालतो. दुपारी बारानंतर पंखा भणभणतो आणि साधी पीडीएफ उघडायलाही वेळ लागतो. दुकानाला वर पत्रे आहेत, थोड्या अंतरावर जिनिंग आहे. दुरुस्तीवाले म्हणतात, पेस्ट वाळली, १२.५ वाहकतेची भारी पेस्ट टाका. घेऊ का? आणि ती मला स्वतःला लावता येईल का?

दादा, लावता नक्की येईल. भारी पेस्ट मात्र घेऊ नका. आधी कारण नीट समजून घ्या, म्हणजे पैसा योग्य जागी लागेल.

सकाळी चालतो आणि दुपारी रडतो, यातच अर्धं निदान आहे. खोली जितके अंश तापते, जवळपास तितकेच अंश प्रोसेसरही वर सरकतो. २५ अंशांच्या खोलीत एखादं काम करताना तो ६५ वर असेल, तर ४२ अंशांच्या खोलीत तेच काम तो ८२ वर करणार. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोचला की जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो. तुम्हाला जाणवतो तो हाच संथपणा. खात्री करायची तर कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारे प्रोग्रॅम टाका आणि भर दुपारी कामाच्या वेळी आकडा बघा. ९५ ते १०० च्या आसपास टेकलेला दिसला, तर आजार तापाचाच आहे. ७० दिसला आणि तरी मशीन संथ असेल, तर पेस्टचा काही संबंध नाही. हार्डडिस्क, मेमरी किंवा इंटरनेट तपासा. जुलैअखेर पीक विम्याची मुदत जवळ आली की सर्व्हरवरच गर्दी होते, त्या वेळचा संथपणा यात धरू नका.

आता जिनिंगचं. हंगामभर हवेत रुईचे तंतू तरंगत असतात. पंखा ते ओढतो आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर आपटतो. तंतू एकमेकांत अडकतात, त्यांत फुफाटा बसतो. सेलू-मानवतकडून येणाऱ्या मशीनचा पंखा उचलला की कितीदा तरी खालच्या पट्ट्या दिसतच नाहीत, नुसता करडा, घट्ट थर दिसतो. चिमट्याने एका कडेला धरला तर तो अख्खा निघतो, आणि बोटांत धरून ताणला की रुईचा एकेक धागा वेगळा दिसतो. पंखा पूर्ण वेगाने फिरतोय आणि हवा मात्र पलीकडे जातच नाही, अशी ही स्थिती. इथे जगातली सगळ्यांत महाग पेस्ट लावली तरी उष्णता पट्ट्यांपर्यंत येऊन अडणार. दुरुस्तीवाल्यांनी पेस्ट सांगितली, ती चूक नाही. पण पट्ट्या न उघडता फक्त पेस्ट सांगितली असेल, तर काम अर्धवट आहे.

पेस्टचं काम काय, तेही सांगते. प्रोसेसरचं झाकण आणि हीटसिंकचा, म्हणजे पंख्याखालच्या त्या पट्ट्यांच्या ठोकळ्याचा, तळ हाताला गुळगुळीत लागतात, पण सूक्ष्म पाहिलं तर दोन्हींवर खाचखळगे असतात. दोन्ही एकमेकांवर ठेवले की त्या खाचांत हवा कोंडते. उष्णता वाहून नेण्याचा आकडा, म्हणजे वाहकता, हवेची ०.०२६ आहे, तांब्याचा सुमारे ४००. बऱ्या पेस्टचा ४ ते १२. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा कितीतरी सरस आणि धातूपेक्षा कितीतरी मागे. दगडी भिंतीत चुना सांधे भरण्यापुरता असतो, भार दगडाने दगडावर द्यायचा असतो, पेस्टचंही तेच. जिथे धातूला धातू टेकत नाही तेवढीच फट भरायची.

त्या १२.५ च्या आकड्याचा हिशेब करू. तुमचा प्रोसेसर ६५ वॉटचा. झाकण साधारण ३ बाय ३ सेंटिमीटर. पेस्टचा थर ०.०५ मिलिमीटर धरा. वाहकता ४ असेल, तर त्या थराच्या दोन बाजूंत सुमारे १ अंशाचा फरक पडतो. ८ असेल तर अर्ध्या अंशाचा. १२.५ ने आणखी थोडा कमी. प्रत्यक्षात उष्णता झाकणाच्या मध्यातून जास्त येते, म्हणून हे आकडे थोडे वाढतील, पण चित्र बदलत नाही. आता तीच ४ ची पेस्ट कुणी अर्धा मिलिमीटर थापली, तर फरक ९ अंशांवर जातो. भारी पेस्ट घेऊन मिळणारा अर्धा अंश आणि जाड थर देऊन गमावलेले ९ अंश, यांत काय सांभाळायचं ते उघड आहे. १५०-२०० वॉट ओढणाऱ्या मशीनवर तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करणाऱ्यांनी १२ ची पेस्ट घ्यावी, त्यांना तिचा उपयोग आहे. सेवा केंद्राला आर्क्टिकची एमएक्स-४ किंवा त्याच दर्जाची कुठलीही पेस्ट पुरते. चार ग्रॅमची नळी आणा, अनेकदा वापरता येईल.

आता हात घाला. यूपीएसची तार भिंतीतून काढा, मशीनचीही काढा. पंख्याची तार बोर्डवर जिथे बसते ती जागा मोबाइलवर टिपून ठेवा. कंपनीच्या हीटसिंकला चार काळ्या खुंट्या असतात आणि प्रत्येकीवर बाण कोरलेला असतो. बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढली की खुंटी सुटते. चारही सुटल्यावर हीटसिंक सरळ वर ओढू नका. आधी डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवा, जुनी पेस्ट सैल पडू द्या, मग उचला.

हीटसिंक बाहेर नेऊन पट्ट्या स्वच्छ करा. कोरडा रंगकामाचा ब्रश उत्तम. ब्लोअर मारायचा तर पंख्याचं पातं बोटाने धरून मारा, मोकळं सोडून वाऱ्याने गरगर फिरवू नका. त्याने बेअरिंग जातं. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरपाशी नेऊ नका, त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं.

जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत ‘आयपीए’ म्हणून मागा, ९९ टक्क्यांचं घ्या. कापूस नको, तंतू सोडतो. चष्मा पुसायचं मऊ फडकं चालेल. फडकं ओलं करा, बाटली बोर्डवर उपडी करू नका. वाळलेली पेस्ट ब्लेडने किंवा पेचकसाने खरवडू नका. ओलं फडकं मिनिटभर तिच्यावर दाबून ठेवा, ती आपोआप मऊ होते. झाकणावरची अक्षरं स्पष्ट वाचता आली आणि हीटसिंकचा तळ उजेडात चकाकला, की स्वच्छ झालं. त्यानंतर त्या जागी बोट लावू नका.

झाकणाच्या बरोबर मध्ये तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवा. फासू नका, हीटसिंकचा दाबच ती पसरवतो. पेस्ट लावायच्या व्हिडिओंत कुणी फुली काढतं, कुणी पाच ठिपके देतं. एवढ्या झाकणावर त्यातल्या कशानेही तापमानात सांगण्यासारखा फरक पडत नाही. थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येईल, त्याने बिघडत नाही. कमी पडली तर कोपरे कोरडे राहतात, ते वाईट.

आता सगळ्यांत महत्त्वाची जागा, खुंट्या. चारही खुंट्या बाणाच्या उलट दिशेला पूर्ण फिरवून ठेवा. हीटसिंक सरळ वरून खाली ठेवा. मग समोरासमोरच्या, म्हणजे तिरक्या जोडीने दाबा: एक, तिच्या समोरची, मग उरलेल्या दोन. प्रत्येकीचा ‘टक्‌’ असा आवाज आलाच पाहिजे. नंतर बोर्डची मागची बाजू बघा. प्रत्येक भोकातून पांढऱ्या पाकळ्या बाहेर येऊन फाकलेल्या आणि त्यांच्या मधून काळी खुंटी आलेली दिसली पाहिजे. एखादी नुसतीच टेकलेली असेल, तर हीटसिंक त्या कोपऱ्यात उचललेला राहतो आणि मशीन सुरू केल्या केल्या आकडा नव्वदीत जातो. ‘नवी पेस्ट लावली आणि आणखीच तापतोय’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या मशीनमध्ये मला बहुतेक वेळा हीच चौथी खुंटी सापडते. शेवटी पंख्याची तार आठवणीने जोडा.

एक नियम मात्र पाळा: हीटसिंक एकदा उचलला की पेस्ट नवी, मग जुनी कितीही ओली दिसो. पुन्हा टेकवताना तिच्यात हवा अडकते.

जिनिंगचा हंगाम मार्चमध्ये उतरतो. पाडव्याच्या सुमारास एकदा पट्ट्या स्वच्छ करत जा, म्हणजे उन्हाळ्याला मशीन तयार. पत्र्यांखाली काही छत घालता आलं तर त्याचा उपयोग कुठल्याही पेस्टपेक्षा मोठा होईल. पाण्याचा कूलर असेल तर जरूर चालवा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो खोली चांगलीच उतरवतो आणि तेवढाच प्रोसेसरही उतरतो. पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. बोअरच्या क्षाराच्या पाण्याचे तुषार आत गेले की बोर्डवर पांढरे डाग धरतात.

प्रश्न: मुलगी लातूरला नीटची तयारी करते. तिचा तीन वर्षं जुना लॅपटॉप फार तापतो, पंखा सतत वाजतो. तास ऑनलाइन असतात. दुकानदार म्हणाले, दर सहा महिन्यांनी पेस्ट बदलावी लागते. खरं आहे का?

नाही ताई. दर सहा महिन्यांनी लॅपटॉप उघडण्याचं काही कारण नाही. ऑस्ट्रियाची नोक्टुआ कंपनी आपल्या एनटी-एच१ या पेस्टबद्दल सांगते की लावल्यावर ती ५ वर्षांपर्यंत चालते. आर्क्टिकचा एमएक्स-४ बद्दलचा दावा ८ वर्षांचा आहे. लॅपटॉपमध्ये एवढं टिकत नाही हे खरं, कारण तिथे प्रोसेसरला धातूचं झाकण नसतं. उघड्या सिलिकॉनच्या चकतीवर हीटसिंकचा तांब्याचा तुकडा बसतो. तापणं-निवणं रोज चालू असलं की दोघांचं प्रसरण वेगळं होत राहतं आणि पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. म्हणून दोन-तीन वर्षांनी एकदा बदलणं रास्त आहे, आणि तुमची वेळ झाली आहे.

पण आधी मुलीला विचारा, लॅपटॉप कुठे ठेवून बसते. वसतिगृहात बहुतेक लेकरं गादीवर ठेवतात. हवा घ्यायच्या जाळ्या खालून असतात, गादीने त्या बंद होतात. पाट किंवा जाड पुठ्ठा खाली घेतला तरी आवाज त्याच दिवशी कमी व्हायला हवा.

दुकानात द्याल तेव्हा समोर बसून घ्या आणि तीन गोष्टी बघा. पंखा आणि त्याच्या तोंडाशी असलेल्या बारीक पट्ट्या यांच्यामधली धूळ काढली पाहिजे. बाहेरून ब्लोअर मारला तर ती आतच राहते. उघड्या चकतीवर पेस्ट पूर्ण पृष्ठभागावर पातळ पसरवून लावली पाहिजे. इथे डेस्कटॉपसारखा दाणा ठेवून चालत नाही, कारण चकतीचा एखादा कोपराही कोरडा राहिला तर तोच भाजतो. आणि मेमरीच्या चिपांवर राखाडी किंवा निळ्या रबरासारखे पॅड असतात, ते फाटले तर त्याच जाडीचे नवे पॅड बसवले पाहिजेत. त्या जागी पेस्ट भरून भागवू देऊ नका. तिथली फट अर्ध्या ते दीड मिलिमीटरची असते, पेस्ट तेवढी फट भरत नाही. हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र कंपनीच्याच केंद्रात जा.

प्रश्न: अंबाजोगाईत फोटो स्टुडिओ आहे. रायझन ५ ५६००जी चा डेस्कटॉप. मागे मित्राने हीटसिंक उपटला तर प्रोसेसरही त्याच्याबरोबर बाहेर आला, पाय वाकले. आता साफसफाईची भीती वाटते.

तुमची भीती रास्त आहे. तुमच्या मशीनमधल्या एएम४ प्रकारच्या सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेत, पाय प्रोसेसरला असतात आणि लिव्हर बंद असली तरी वरून घट्ट धरणारी चौकट नसते. वाळलेली पेस्ट हीटसिंकला चिकटली की प्रोसेसर त्याच्यासोबत येतो. उपाय सोपा आहे. उघडण्याआधी दहा-पंधरा मिनिटं एखादा व्हिडिओ एक्सपोर्ट करायला लावा. पेस्ट गरम होऊन मऊ पडते. मग मशीन बंद करा, तारा काढा आणि लगेच स्क्रू सोडा, तेही तिरक्या जोडीने, प्रत्येक थोडा थोडा. सुटल्यावर हीटसिंक आडवा, घड्याळाच्या काट्यासारखा जरा इकडे, जरा तिकडे फिरवा. तो सहज सरकायला लागला की एका कडेने उचला. हललाच नाही तर जोर लावू नका; पुन्हा जोडून आणखी तापवा.

वाकलेले पाय मी स्वतः सरळ करते. जुन्या मेकॅनिकल पेन्सिलीची शिसं नसलेली धातूची नळी पायावर बसवून अगदी सावकाश. घाईत केलं तर पाय तुटतो. नव्या एएम५ मध्ये पाय बोर्डवर गेले आणि वरून चौकट आली, त्यामुळे हा धोका उरला नाही. मात्र त्याच्या झाकणाला कडेने खाचा आहेत, तिथे जास्तीची पेस्ट जमते. तिने नुकसान होत नाही, पुसायला तेवढं किचकट.

प्रश्न: जालन्याला स्टील मिलच्या ऑफिसात काम करतो. पेस्ट लावताना थोडी बोर्डवर सांडली. शॉर्ट होईल का? आणि लिक्विड मेटल चांगलं म्हणतात, ते वापरू का?

तुम्ही नाव लिहिलं नाही, पण बाजारातल्या बहुतेक पेस्टमधून वीज वाहत नाही. आयपीएच्या फडक्याने पुसून काढा, काळजी नको. लिक्विड मेटल मात्र अजिबात नको. त्यात गॅलियम असतं. ते वीज वाहून नेतं, एक थेंब घरंगळला तर बोर्ड जाऊ शकतो. शिवाय ॲल्युमिनियमला ते आतून पोखरतं, आणि साध्या हीटसिंकचा तळ बहुधा ॲल्युमिनियमचाच असतो. तुमच्या ऑफिसात मला पेस्टपेक्षा लोखंडाच्या बारीक धुळीची चिंता जास्त वाटते, कारण तीही वीज वाहते. कॅबिनेटची बाजूची पट्टी हवेसाठी उघडी ठेवली असेल तर आजच बंद करा आणि हवा घ्यायच्या जागी धुता येईल अशी जाळी लावा.

प्रश्न: पेस्ट मिळाली नाही तर टूथपेस्ट चालते, असं एका व्हिडिओत पाहिलं. हिंगोलीत चांगली पेस्ट लगेच मिळत नाही.

टूथपेस्टमध्ये पाणी असतं. पहिल्या दिवशी आकडे चांगले दिसतात म्हणून व्हिडिओ बनतात. पाणी उडालं की खाली कोरडी भुकटी राहते. अडचणच असेल तर ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याकडे ट्रान्झिस्टरला लावायची पांढरी पेस्ट डबीत मिळते, ती वापरा. तिची वाहकता १ च्या आसपास किंवा कमी असते. ६५ वॉटच्या प्रोसेसरवर चांगल्या पेस्टपेक्षा पाच-सहा अंश जास्त दिसतील, पण नवी नळी येईपर्यंत काम बिनघोर होईल.

प्रश्न: नांदेडहून. नवी पेस्ट लावल्यावर किती वेळ मशीन बंद ठेवायचं? आणि उरलेली नळी फ्रिजमध्ये ठेवू का?

थांबायची गरज नाही, लावल्याबरोबर सुरू करा. काही पेस्ट पूर्ण बसायला बराच वापर लागतो, पण तो वापर मशीन चालवूनच होतो, बंद ठेवून नाही. नळी फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर तिच्यावर ओल धरते. टोपण घट्ट लावून घरातल्या गार कपाटात ठेवा, पत्र्याच्या दुकानात नको. वर तेल सुटलेलं दिसलं तर पहिला थोडा भाग कागदावर काढून टाका आणि पुढचा वापरा. पुढचा भागही पातळ तेलकटच येत असेल, तर नवी नळी आणा.